पिठोरी अमावास्येचं ग्रहण आणि दुसऱ्या चौकोनातला वायू

 

मागच्या खेपेला पळसदरीच्या बैठकीत हिशेबाची वही मिटल्यावर एका ताईंनी विषय काढला. त्यांची लेक दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला तो चौकोनाचौकोनांचा तक्ता पाठ करताना ती रडकुंडीला येते आणि म्हणते, मला नको ते सायन्स. ताई म्हणाल्या, "हा तक्ता कुणी केला, कशाला केला, एवढं तरी रेडिओवर सांगा. मला कळलं तर मी तिला सांगीन." म्हणून आजची गोष्ट त्या तक्त्याची. पुस्तकात त्याला आवर्तसारणी म्हणतात. तिचा एक धागा आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरून जातो, तोच धरून आम्ही पुढे जाणार आहोत.

सुरुवात मिठापासून करू. गॅसवर भात उतू गेला आणि मिठाचं पाणी ज्योतीवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. चुलीचा जाळ आधीच पिवळा असतो, त्यामुळे तिथे ते कळत नाही. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे असायचे ना, त्यांतही सोडियमच. तांब्याने ज्योत हिरवट होते. दिवाळीच्या फटाक्यांतला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा आणि हिरवा बेरियमचा.

सोडियम, तांबं, बेरियम यांना मूलद्रव्यं म्हणतात. मूलद्रव्य म्हणजे कितीही जाळलं, उकळलं, आम्लात टाकलं तरी ज्यातून आणखी साधा पदार्थ निघत नाही ते. मीठ मूलद्रव्य नाही, कारण त्यातून सोडियम आणि क्लोरीन असे दोन वेगळे निघतात. तांबं मूलद्रव्य आहे. पितळ नाही, कारण पितळेत तांबं आणि जस्त एकत्र आहेत.

१८६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ या दोघांनी या ज्योतींचा उजेड काचेच्या लोलकातून पाहिला. लोलकातून उजेड फाकतो आणि इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसतो. पण तापलेल्या मूलद्रव्याच्या वाफेचा उजेड सलग पट्टा देत नाही, ठरावीक जागी ठरावीक रेघा देतो. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा अगदी जवळजवळ असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की माणूस ओळखला जातो, तशी रेघांवरून मूलद्रव्याची ओळख पटते. आणि यासाठी पदार्थ हातात असायची गरज नाही, त्याचा उजेड मिळाला की पुरे. मग सूर्यात काय आहे तेही बघता येईल, असं लोकांच्या मनात आलं.

पण सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा उसळतात त्या सूर्याच्या झगझगाटात दिसत नाहीत. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो तेव्हाच त्या दिसायच्या. असं ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ ला झालं. त्या दिवशी श्रावणातली अमावास्या होती, म्हणजे आपली पिठोरी. लेकराबाळांसाठी व्रत करायचा दिवस. त्यात सकाळी सकाळी सूर्य गेला आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ अंधार झाला. कोकणातल्या किती जणींनी दारं लावून घेतली असतील, पाण्यात तुळशीपत्र टाकलं असेल, कोण जाणे. चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून विजापूर-जमखंडीकडे आणि तिथून पार आंध्रातल्या गुंटूरपर्यंत गेली. जमखंडीला हर्षल नावाचा इंग्रज अधिकारी दुर्बीण लावून बसला होता, गुंटूरला जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ. त्या काळ्या थाळीच्या कडेच्या ज्वाळांत चमकत्या रेघा दिसल्या आणि त्यांत एक ठळक पिवळी रेघ होती. पाहणाऱ्यांना वाटलं, सोडियमच असणार.

जान्सेन यांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. रेघा इतक्या तेजस्वी आहेत तर त्या ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्यांना वाटलं. १९ तारखेला सूर्य उगवताच त्यांनी दुर्बीण लावली, आणि रेघा दिसल्या. तिकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर हे सरकारी युद्धखात्यातले कारकून, फावल्या वेळात आकाश बघणारे. त्यांनाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. २० ऑक्टोबरला त्यांनी आपल्या घरच्या दुर्बिणीतून सूर्याच्या कडेच्या रेघा पाहिल्या. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या विद्वानसभेत एकाच दिवशी वाचल्या गेल्या आणि पुढे फ्रान्स सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. भांडण न होता श्रेय वाटलं गेल्याची उदाहरणं विज्ञानात फार नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

लॉकियर यांनी ती पिवळी रेघ नीट मोजली. सोडियमच्या दोन रेघांच्या जवळच, पण त्यांच्या जागेवर नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची ती नव्हती. मग हे सूर्यातलं नवं मूलद्रव्य म्हणायचं का? सूर्याला ग्रीक भाषेत हेलिऑस म्हणतात, त्यावरून त्याला नाव मिळालं हेलियम. पुष्कळ रसायनतज्ज्ञांनी नाकं मुरडली. जे कुणी बाटलीत भरलेलं नाही, त्याला नाव कसलं देता?

इथे विजयदुर्गाबद्दल सांगायला हवं. सिंधुदुर्गातल्या त्या किल्ल्यावर दगडी ओटे आहेत, त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. लॉकियरसाहेबाने तिथूनच १८६८ ला हेलियम शोधला असं सांगतात, आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. आपल्या कोकणाचा मान आहे म्हणून हे ऐकायला गोड वाटतं. पण लॉकियर १८६८ साली इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणाला. आमच्या मते कट्ट्यांचा मान त्याने कमी होत नाही, कारण ते १८९८ साल कसं होतं ते पुढे येणारच आहे. पण आधी रशियात जाऊ.

सायबेरियातल्या टोबोल्स्क गावी मारिया नावाची बाई होती. तिचा नवरा शाळेत शिकवायचा. त्याची दृष्टी गेली, पगार गेला. पदरी मुलांचा मोठा परिवार. मारियाने माहेरचा काचेचा कारखाना चालवायला घेतला आणि त्यावर घर चालवलं. मग नवरा वारला आणि लगोलग कारखानाही जळाला. धाकटा मुलगा दिमित्री हुशार होता. त्याला घेऊन ही उतारवयातली बाई हजारो किलोमीटर प्रवास करून मॉस्कोला गेली. तिथे प्रवेश मिळाला नाही. मग पीटर्सबर्गला नेलं, तिथे १८५० साली त्याला शिक्षक होण्याच्या शाळेत घातलं आणि त्याच वर्षी ती वारली. हा दिमित्री म्हणजे तक्ता करणारे मेंडेलीव्ह. मोठेपणी त्यांनी आपला एक ग्रंथ आईला अर्पण केला. दहावीच्या पुस्तकात मेंडेलीव्ह असतात, मारिया नसते. पाठ्यपुस्तकात जागा कमी असते हे आम्हाला कळतं, पण गटात सांगायला काय हरकत आहे?

१८६९ साली, म्हणजे त्या पिठोरीच्या ग्रहणानंतर वर्षाच्या आत, मेंडेलीव्ह यांनी तक्ता छापला. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्यांनी ती अणूच्या वजनाप्रमाणे, हलक्याकडून जडाकडे लावली. तेव्हा दिसलं की ठरावीक अंतराने गुण परत परत येतात. सोमवार गेला की सात दिवसांनी पुन्हा सोमवार येतो, तसं. लिथियम पाण्याशी झटापट करतो. पुढे काही घरं सोडून सोडियम येतो, तोही करतो. आणखी पुढे पोटॅशियम, तो तर पाण्यात पडताच पेटतो. असे एका स्वभावाचे एकाखाली एक मांडले. आवर्त म्हणजे फिरून येणारं, तेच सारणीच्या नावात आहे. इंग्लंडात न्यूलँड्स नावाच्या माणसाला थोडी आधी अशीच कल्पना सुचली होती, त्यांनी सा रे ग म च्या सप्तकाशी तुलना केली. त्यांना भरसभेत विचारलं गेलं की मूलद्रव्यं नावांच्या अक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का? म्हणजे थट्टाच केली.

मेंडेलीव्ह यांचं धाडस असं, की जिथे स्वभाव जुळेना तिथे त्यांनी ओढूनताणून कुणाला बसवलं नाही. पंगतीत यायच्या पाहुण्यासाठी पान मांडून ठेवावं तसं घर रिकामं ठेवलं. वर, येणारा पाहुणा कसा असेल तेही सांगितलं. त्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना त्यांनी नावं दिली एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हा एक आपलाच बरं का, संस्कृतातला. ॲल्युमिनियमच्या खाली एक घर, म्हणून एका-ॲल्युमिनियम. १८७५ ला फ्रान्समध्ये ते सापडलं, नाव ठेवलं गॅलियम. शोधणाऱ्याने घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्ह यांनी कधी तो धातू पाहिलाही नव्हता, तरी त्यांनी कळवलं की धातू शुद्ध करून पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली, ५.९ आली. मग १८७९ ला स्कँडियम आणि १८८६ ला जर्मेनियम सापडून दुसरी दोन पानंही भरली. तेव्हा लोकांचा तक्त्यावर विश्वास बसला.

पण हेलियमसाठी या पंगतीत पान नव्हतं. रिकामं घरसुद्धा नव्हतं. तो तेव्हा सूर्यातली एक रेघ होता, एवढंच.

१८९४ साली इंग्लंडात रॅले आणि विल्यम रॅमझी यांना हवेतच एक नवा वायू सापडला, आरगॉन. तो कशाशीच संयोग करीना. त्यालाही तक्त्यात जागा नाही. मेंडेलीव्ह यांनी तर हा नायट्रोजनचाच एखादा प्रकार असेल अशी शंका काढली. पुढच्या वर्षी, मार्च १८९५ मध्ये, रॅमझी यांनी क्लेव्हाइट नावाचा युरेनियम असलेला दगड आम्लात टाकला आणि निघालेला वायू लोलकातून पाहिला. पिवळी रेघ. सोडियमची नाही, तिच्या शेजारची. सत्तावीस वर्षांपूर्वी ग्रहणात दिसलेली तीच. सूर्यातला हेलियम दगडात लपून बसला होता.

मग तक्ताच चुकला का? रॅमझी यांनी मार्ग काढला. आरगॉन एका ओळीत, हेलियम दुसऱ्या ओळीत, म्हणजे एकाखाली एक असा पूर्ण नवा उभा रकानाच असला पाहिजे, आणि मधल्या जागांवर आणखी वायू असले पाहिजेत. शोधले. १८९८ च्या मे ते जुलैमध्ये त्यांना आणि ट्रॅव्हर्स यांना क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन असे तीन मिळाले. मेंडेलीव्ह यांनीही पुढे हा रकाना मान्य केला. पुस्तकात या वायूंना निष्क्रिय किंवा राजवायू म्हणतात.

हे रॅमझी पुढे आपल्या देशातही येऊन गेले. जमशेटजी टाटांना विज्ञानाची मोठी संस्था काढायची होती, ती कुठे काढावी हे बघायला ते १९०० साली आले आणि त्यांनी बंगळूर सुचवलं. याच टाटांच्या घराण्याचं खोपोलीचं वीजघर १९१५ ला सुरू झालं, ते आपल्याला माहीत आहेच. बंगळूरच्या त्या संस्थेत १९३३ साली कमला भागवत नावाच्या मराठी मुलीने प्रवेश मागितला. संचालक सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून नाही म्हटलं. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून बघू अशा अटीवर त्यांना घेतलं. पुढे त्या कमला सोहोनी झाल्या, केंब्रिजहून १९३९ ला विज्ञानातली डॉक्टरेट घेणारी पहिली भारतीय बाई.

आता ते १८९८ साल. २२ जानेवारीला, पौष अमावास्येला, पुन्हा खग्रास ग्रहण आलं आणि या वेळी सावली सरळ आपल्या महाराष्ट्रावरून गेली. पावसाळा नव्हता, आभाळ मोकळं. विजयदुर्गाला लॉकियर आले, सोबत मेल्पोमिनी नावाच्या जहाजावरचे नौसैनिक मदतीला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन बसले. अमेरिकेहून आलेली कॅम्पबेल यांची तुकडीही जेऊरलाच होती, त्यात त्यांच्या पत्नी एलिझाबेथ कामाला होत्या. आणि वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी माँडर होत्या. ॲनीबाई इंग्लंडच्या ग्रीनिच वेधशाळेत नोकरीला होत्या. लग्न झालं तेव्हा, १८९५ ला, नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. पण काम त्यांनी सोडलं नाही. स्वतःचा कॅमेरा घेऊन त्या तळणीला आल्या आणि त्यांनी सूर्याच्या प्रभेचा इतका लांबवर गेलेला झोत टिपला, की तोवर कुणाच्याच फोटोत तसा आला नव्हता. घरी बसवलेल्या बाईने वऱ्हाडातल्या माळावर उभं राहून हे केलं.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये मारी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांना जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम सापडलं. १९०३ चं नोबेल देताना आधी मारीचं नाव घालायचंच नव्हतं, पिएर यांनी आग्रह धरला म्हणून ते आलं. १९११ ला त्यांना दुसरं नोबेल मिळालं, ते एकटीला.

आणि रेडियमसारख्या पदार्थांतून जे बारीक कण आपोआप बाहेर फेकले जातात, त्यांतले काही म्हणजे हेलियमच आहेत, हे १९०८ च्या सुमारास रदरफर्ड यांनी सिद्ध केलं. युरेनियमच्या दगडात हेलियम का लपला होता त्याचं उत्तर हे. युरेनियम हळूहळू फुटत जातो, हेलियम त्यातून जन्मतो आणि दगडात अडकून राहतो. मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या हाताखालच्या दोघांनी हेच कण सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर मारून पाहिले. बहुतेक आरपार गेले, पण काही थोडे उलट परतले. म्हणजे अणूच्या मध्ये काहीतरी फार लहान आणि फार जड आहे. १९११ ला त्याचं वर्णन झालं, ते अणूचं केंद्रक. केंद्रक मोहरीएवढं धरलं तर अणू शाळेच्या मैदानाएवढा होईल, आणि बाकी मैदान जवळजवळ मोकळं.

केंद्रकात प्रोटॉन असतात, आणि न्यूट्रॉन. बाहेर इलेक्ट्रॉन. जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन. १९१३ ला मोझली या तरुणाने दाखवलं की मूलद्रव्याचा खरा क्रम वजनाने ठरत नाही, प्रोटॉनच्या संख्येने ठरतो. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला तो सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. तक्त्याच्या प्रत्येक चौकोनातला आकडा म्हणजे ही प्रोटॉनची संख्या. हायड्रोजन १, हेलियम २, सोडियम ११, सोनं ७९.

आता मुलींना हे असं सांगा. इलेक्ट्रॉन थराथरांनी राहतात. पहिल्या थरात दोनच मावतात. दुसऱ्यात आठ. सोडियमचे अकरा म्हणजे दोन, आठ आणि वर एक सुटा. तो सुटा एक द्यायला सोडियम टपलेला असतो. क्लोरीनचे सतरा म्हणजे दोन, आठ, सात. आठाला एक कमी. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, झालं मीठ. आपल्या रायगडात पेण-उरणच्या मिठागरांत तेच गोळा होतं. उभ्या रकान्यातल्या सगळ्यांचे बाहेरच्या थरातले इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून स्वभाव सारखा. मेंडेलीव्ह यांना इलेक्ट्रॉन माहीतच नव्हता, तरी रकाने बरोबर लागले. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन आणि थरही दोघांचाच, म्हणून त्याला कुणाकडून काही घ्यायचं नाही की द्यायचं नाही. म्हणूनच तो कुणाला सापडत नव्हता. आणि त्या रंगीत रेघा? इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो तेव्हा उजेड निघतो, आणि पायऱ्यांची उंची प्रत्येक अणूत वेगळी असते. १९१३ लाच नील्स बोर यांनी हे मांडलं.

मुली चिन्हांना अडखळतात. सोडियमचं चिन्ह एनए का, एस का नाही? कारण ते नॅट्रियम या लॅटिन नावावरून आलं. पोटॅशियमचं के हे कॅलियमवरून. खताच्या गोणीवर एन-पी-के लिहिलेलं असतं, तेच हे के, आणि एन नायट्रोजन, पी फॉस्फरस. गोणी समोर ठेवून शिकवलं तर तीन चिन्हं पाठ करावीच लागत नाहीत.

आज तक्त्यात ११८ चौकोन आहेत. ९६ वा क्युरियम, क्युरी दांपत्याच्या नावाचा. ८७ वा फ्रान्सियम, तो १९३९ ला मार्गरीत पेरे यांनी शोधला, त्या मारी क्युरींच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या होत्या. १०९ वा माइटनेरियम, लिझे माइटनर यांच्या नावाचा. अणू फुटतो कसा हे त्यांनी उलगडलं, नोबेल त्यांना मिळालं नाही, चौकोन मिळाला.

जाता जाता जत्रेतल्या फुग्यांबद्दल. वर जाणारा फुगा हेलियमचा असला तर भीती नाही, तो पेटत नाही. पण हेलियम महाग पडतो. म्हणून पुष्कळ फुगेवाले हायड्रोजन भरतात, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमपासून जागेवरच केलेला. हायड्रोजन म्हणजे पहिला चौकोन, एकच इलेक्ट्रॉन, आणि ठिणगी लागली की भडका. असा फुगा घरात चुलीजवळ, दिव्याजवळ किंवा वाढदिवसाच्या मेणबत्त्यांजवळ नेऊ नका, आणि फुगेवाल्याच्या सिलिंडरभोवती लेकरांना उभं राहू देऊ नका.